खारट लागलेला गूळ

“खरं सांगा, काय खाता?” डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत विचारलं. विचारलं मला, पण उत्तरासाठी बघत राहिले माझ्या बायकोकडे.

तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक दोन आली होती. त्याआधी ती आठ पूर्णांक सहा होती आणि त्याच्याही आधी आठ. डॉक्टरांना सात हवी होती. दर खेपेला गोळी वाढायची आणि दर खेपेला आकडाही वाढायचा. माझा चहा बिनसाखरेचा होता, भात एका ठरलेल्या वाटीने घेत होतो, आणि संध्याकाळी गंगाधाम चौकाच्या बाजूला चालणं होतं. यातलं काहीच मी सोडलं नव्हतं.

“तुम्ही सांगितलंय तेवढंच,” मी म्हणालो.

“अहो, काम कुठे करता ते सांगा ना,” बायको म्हणाली.

मी मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर काम करतो. गुऱ्हाळावरून आलेला गूळ आमच्या गाळ्यावर उतरतो, त्याची प्रत ठरते, मग लिलाव होतो. प्रत ठरवणं हे माझं काम. रंग आणि कणी डोळ्यांना दिसते, घट्टपणा बोटांना कळतो. पण गुळाला खार आहे की नाही हे तोंडात घेतल्याशिवाय कळत नाही. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या उसाचा गूळ दिसायला पिवळाधमक असला तरी त्याला गिऱ्हाईक कमी. म्हणून प्रत्येक लॉटमधल्या एखाद्या ढेपेचा सुरीच्या टोकाने खडा काढायचा, तोंडात धरायचा, विरघळू द्यायचा आणि थुंकायचा.

“गुळाच्या गाळ्यावर,” मी डॉक्टरांना सांगितलं. “चव बघतो. गिळत नाही, थुंकतो.”

“थुंकता.”

“हो.”

“माझ्याकडे एक मिठाईवाले येतात,” डॉक्टर म्हणाले. “तेसुद्धा थुंकतात.”

बायकोला हसू आलं. परक्या माणसासमोर ती मला कधी हसत नाही. डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवली, आणि रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, “मी तुम्हाला चोर म्हणत नाहीये. पण दिवसभर गुळात बसायचं आणि एक खडाही पोटात जात नाही म्हणायचं, हे कोणाला पटेल?”

“मला.”

“तुम्ही एकटेच आहात मग.”

तिला तसं म्हणायचं नसेल, पण ते खरं होतं. मी गोड खात नव्हतो. त्या वर्षभरात माझं म्हणणं एवढंच होतं आणि ते मानणारं एकही माणूस माझ्याजवळ नव्हतं.

गूळ चाखायला मला गाळ्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाने शिकवलं. तो आता नाही. त्याचं म्हणणं होतं की जीभ गोडाला लगेच भुलते. खार मागून येतो. तेव्हा खडा जिभेवर ठेवायचाच नाही. खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. खार असेल तर तो गोडाच्या पाठोपाठ कडेने येतो. मग थुंकायचं. दोन खड्यांच्या मध्ये पाणी प्यायचं नाही, कारण पाण्याने तोंड बदलतं आणि पुढच्या खड्याची चव वेगळी लागते. तोंड साफ करायला दोन-चार फुटाणे चावायचे. चूळ भरायची ती लिलाव संपल्यावर.

मी हे सगळं तसंच करत आलो. सीझनमध्ये एका सकाळी पस्तीस-चाळीस खडे सहज होतात. मधुमेह झाल्यावर मी फक्त एक काळजी घेतली, थुंकताना आधीपेक्षा नीट थुंकायला लागलो. त्या गुळाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. वजन करताना बारदानाचं वजन वजा करतात, तसं थुंकलेलं मी वजा धरत होतो. पोटात गेलंच नाही तर ते मोजायचं कशाला?

बायको मोजत होती. ती घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे दिवसभर घरात असते, आणि घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. दिवाळीत डब्यातले दोन लाडू कमी भरले. बायको मला काही बोलली नाही. तिने मुलीला फोन केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी मुलीचा मला फोन आला.

“बाबा, रागवायचं नाही हां.”

“नाही रागवत. बोल.”

“आईपासून कशाला लपवता? मला सांगा हवं तर. मी नाही सांगणार तिला.”

“मी खाल्ले नाहीत ते लाडू.”

“बरं,” ती म्हणाली. तिचं ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं. लहानपणी तिला ताप असताना शाळेत जायचं असायचं, तेव्हा मी तिला तसंच ‘बरं’ म्हणायचो. ते दोन लाडू कुठे गेले हे मला आजही माहीत नाही.

त्याच सुमारास लोणी काळभोरला सासरकडच्या एका लग्नाला गेलो होतो. मेहुणा जिलबीची प्लेट घेऊन जवळ आला आणि कानाशी म्हणाला, “दाजी, घ्या पटकन. ताई तिकडे बायकांत आहे.”

“नको.”

“अहो, एका जिलबीने काय होतंय? मी उभा राहतो आडोशाला.”

“खरंच नको.”

“घरी खाऊन आलात वाटतं,” तो म्हणाला आणि डोळा मारून गेला. थोड्या वेळाने बायको आली. तिने आधी माझ्या प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “प्लेट बदललीत का?” तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ती शेजारी उभी राहून जेवली. 

याच काळात माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. सुरुवातीला ब्रशवर थोडी लाली दिसायची. मी समजलो, ब्रश कडक आहे. मऊ ब्रश आणला, तरी रक्त येतच राहिलं. मग ब्रश लागतो म्हणून रक्त येतं असं धरून मी ब्रशच सोडला आणि बोटाने दंतमंजन लावायला लागलो. बोटाने रक्त कमी यायचं, म्हणजे बरं चाललंय, असा माझा हिशेब. मग खालचे पुढचे दात किंचित लांब दिसायला लागले. फुटाणे डाव्या बाजूने चावायला लागलो, मग फक्त मागच्या दातांनी. ज्वारीची भाकरी चावताना दुखायचं, म्हणून अर्धी ठेवून उठायचो.

“पोट भरलं?” बायको विचारायची.

“हो.”

“भरणारच. बाहेरून भरूनच येता.”

हिरड्यांचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “गोड खात नाही तर दात कशाने किडले?” तिच्या बाजूने आणखी एक पुरावा मला उभा करायचा नव्हता. तोंडाला वास यायला लागला होता, आंबूस आणि थोडा गोडसर. तो मला स्वतःला कळत नव्हता. लोकांच्या वागण्यातून कळायला लागला. गाळ्यावर माणसं माझ्याशी बोलताना अर्धं पाऊल मागे सरून उभी राहायला लागली. शेजारी बसून चहा पिणारा तोलणारा आता उभ्याने चहा प्यायला लागला. बायकोने एक दिवस सांगितलं की मुलीच्या खोलीत मशीन आहे, काम उशिरापर्यंत चालतं, तेव्हा तिथेच पडलेलं बरं. मी बरं म्हणालो. वासाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिला तो वास गुळाचा वाटत होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

असे काही महिने गेले. घरात भांडण असं नव्हतं. ती वाढायची, मी जेवायचो, टीव्ही चालू असायचा. पण आपण जे बोलतो ते समोरचा माणूस खरं धरत नाही, हे एकदा कळलं की बोलावंसं वाटत नाही. बाजारभाव, पाण्याची वेळ, गॅसचा नंबर, एवढ्यावर मी आलो होतो.

सीझन उतरणीला लागला तेव्हा गुळाला खार लागायला सुरुवात झाली. आधी एका लॉटला, मग दोन दिवसांनी आणखी एकाला. मग एका सकाळी ओळीने बरेच लॉट मी खालच्या प्रतीत टाकले. यंदा पाणी कमी, विहिरी खाली गेल्या असतील, म्हणून खार असेल, असं मी स्वतःला समजावलं. शेठ, म्हणजे आमच्या गाळ्याचे मालक, काही म्हणाले नाहीत. माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास होता. तेवढी एकच जागा उरली होती, जिथे माझं म्हणणं तसंच्या तसं धरलं जायचं.

मग लोणी काळभोरच्या पलीकडचा एक गुऱ्हाळवाला गूळ घेऊन आला. त्याचा माल मी कितीतरी वर्षं बघतोय. सोनेरी, कोरडा, हाताला न चिकटणारा गूळ. मी खडा हिरडीशी धरला, थांबलो, थुंकलो आणि म्हणालो, “खार आहे.”

त्याने टोपी मागे सारली. “काय हाय?”

“खार.”

“आमच्या रानात? आवो, कॅनॉलचं पाणी हाय बापाच्या काळापास्नं. हिरीचं पाणी उसाला दावलं बी न्हाई. खार कुठनं येईल?”

“ते मला माहीत नाही. मला लागतोय.”

“मग तुमाला लागतोय,” तो म्हणाला. “गुळाला न्हाई.”

आजूबाजूचे हसले. आवाज ऐकून शेठ गादीवरून उठून आले. त्यांनी ढेपेचा चांगला मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला. शेठ थुंकत नाहीत. “गोड आहे हो,” ते म्हणाले. “चांगला गोड आहे.” त्यांनी तोलणाऱ्याला दिला, एका खरेदीदाराला दिला. दोघंही गोडच म्हणाले.

“पुन्हा बघा,” शेठ मला म्हणाले.

मी दुसरा खडा घेतला. आधी गोड, आणि मग कडेने, शिकवल्याप्रमाणे अगदी, खार. थुंकायचा राखेचा डबा लांब सरकवलेला होता, म्हणून मी समोरच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर थुंकलो. गूळ पिवळा होता. कागदावर जे पडलं ते लाल होतं.

 गुऱ्हाळवालाच म्हणाला, “दात दावा कुणाला तरी. गुळाचं ऱ्हाऊ द्या.” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

इतके महिने ब्रशवरचं रक्त मी रोज बघत होतो, पण रक्त खारट असतं हे मला त्या सकाळपर्यंत सुचलं नव्हतं. मी खालच्या प्रतीत टाकलेल्या आणि अजून गोदामात पडून असलेल्या ढेपा पुन्हा चाखून बघायला शेठना सांगितलं. त्यांतल्या बऱ्याच वर चढल्या. माझी सुरी मी त्याच दिवशी गल्ल्यापाशी ठेवून दिली.

बिबवेवाडीत आमच्या घरापासून जवळच, एका स्टेशनरीच्या दुकानावर, दातांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांनी आरशाने तोंड पाहिलं आणि विचारलं, “रक्त कधीपासून येतंय?”

“वर्ष झालं असेल.”

“आणि आलात आज.” त्यांनी एक बारीक खुणा असलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेने ती हिरडीत उतरवत मदतनीस बाईंना आकडे सांगायला लागल्या. “चार, तीन, पाच. पाच, सहा, सहा. सात.” मला तोंड मिटता येत नव्हतं, पण आकडे ऐकू येत होते. मोकळं झाल्यावर मी विचारलं, “हे कसले आकडे?”

“मिलिमीटर. दात आणि हिरडी यांच्यात फट पडलीये, तिची खोली. तीनपर्यंत चालतं.”

“खाली पुढे सात आलं.”

“लक्ष होतं तर तुमचं. शुगर आहे का?”

“आहे. नऊ पूर्णांक दोन.”

“वाटलंच,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची सरळ केली आणि समजावून सांगितलं. रक्तात साखर जास्त राहिली की हिरड्यांची जंतूंशी झुंजायची ताकद कमी होते. दाताच्या मुळाशी कीटण साठतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते, आणि आतलं हाड झिजायला लागतं. लोक त्याला पायरिया म्हणतात. हे एका बाजूने झालं. पण ते उलटंही चालतं. हिरड्यांत अशी सूज कायम राहिली की ती तोंडापुरती राहत नाही. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि साखर खाली यायला त्रास होतो. एकामुळे दुसरं वाढतं, दुसऱ्यामुळे पहिलं.

“तुमच्या सगळ्या हिरड्यांच्या आतली ही जखम काढून एका जागी पसरली, तर जवळजवळ तळहाताएवढी भरेल,” त्या म्हणाल्या. “हातावर एवढी चिघळलेली जखम असती, तर वर्षभर थांबला असता का?”

 मला वेगळंच विचारायचं होतं. “म्हणजे माणूस गोड खात नसला तरी साखर चढू शकते?”

“चढू शकते. उतरायला हट्ट करू शकते, असं म्हणा.”

“हे मला लिहून द्याल?”

“काय लिहून देऊ? हे गृहस्थ गोड खात नाहीत, असं? ते मला कसं माहीत असणार?”

तेव्हा मी त्यांना गुळाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. खडा नेमका कुठे धरता ते दाखवा म्हणाल्या. मी ओठ खाली ओढून दाखवलं. त्यांनी मदतनीस बाईंकडून तक्ता घेतला आणि बोट ठेवलं; सात आणि सहा तिथेच होते.

“मध्ये पाणी?”

“प्यायचं नसतं.”

“बरं. तुम्ही थुंकता, पण थुंकेपर्यंत तो तिथेच बसून असतो. एक झाला की दुसरा. फट मुळात दुसऱ्या कारणांनी पडली असेल, ब्रश सोडलात हे त्यातलं मोठं, पण ही रोजची शिदोरी तिथल्या जंतूंना झाली. आणि लाळेबरोबर थोडा पोटातही जातोच. थुंकलं म्हणजे शून्य नाही हो.”

“किती जातो?”

“ते मला नाही सांगता यायचं.”

मला थोडं लागलं. माझा शून्य इतकी वर्षं मला पक्का वाटत होता. पण त्यांनी एक गोष्ट मान्य केली होती, म्हणून मी मुद्दाम विचारलं, “मी थुंकतो हे तुम्हाला पटलं?”

“न पटायला काय झालं?” त्या हातमोजे काढत म्हणाल्या. “मला तुमच्याशी संसार थोडाच करायचाय?”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने सुईत दोरा ओवता ओवता ऐकलं. “हिरड्या सुजल्या म्हणून साखर वाढते,” ती म्हणाली. “नवीनच ऐकतेय.” मग थोड्या वेळाने विचारलं, “दुखतात का?” मी हो म्हणालो. “मग सांगायचं नाही?” तिने विचारलं. त्याचं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

उपचार काही बैठकांत झाले. एकेक बाजू बधिर करून त्यांनी हिरडीच्या आतलं कीटण खरवडून काढलं. मागची एक दाढ इतकी हलत होती की ती काढावीच लागली. बाकीचे दात राहतील की नाही हे पुढे बघू, असं त्या म्हणाल्या. दोन वेळा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून. दातांच्या फटींत घालायचा एक अगदी बारीक ब्रश. आणि गूळ तोंडात धरणं पूर्ण बंद. पहिले काही दिवस रक्त जास्त आलं. मला पुन्हा ब्रश सोडावासा वाटला, पण सोडला नाही. मग ते कमी झालं आणि एका सकाळी बेसिनमध्ये फक्त पांढरा फेस दिसला. मी तो पाण्याने लगेच वाहू दिला नाही. दाखवायला बायकोला हाक मारणार होतो. ती दूध आणायला खाली गेली होती.

शेठनी मला वजनकाट्यापाशी बसवलं. चाखायला दुसरा माणूस आला. तो खडा जिभेवर ठेवतो आणि लगेच निकाल देतो.  लिलावाच्या वेळी सगळे ढेपेभोवती गोळा होतात, आणि मी वीस फुटांवर काट्याच्या आकड्याकडे बघत बसलेला असतो. वजन मला कोणालाही पटवून द्यावं लागत नाही; ते सगळ्यांना दिसतं.

मग पुढची तपासणी आली. आठ पूर्णांक एक. डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “हिरड्यांचा परिणाम होतो, हे बरोबर आहे. मी दातांचं विचारायला हवं होतं.” बायको सावरून बसली. “म्हणजे न खाताही वाढू शकते?” तिने विचारलं.

“हो, होऊ शकतं तसं.”

परत येताना आम्ही रिक्षा केली नाही. रस्त्यावर भाजीवाल्यांची गर्दी होती, आणि बायको एरवीसारखी चार पावलं पुढे न जाता माझ्या बरोबरीने चालत होती. एका हातगाडीपाशी गर्दीमुळे थांबावं लागलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मग तुम्ही खरंच खात नव्हता?”

हे ऐकण्यासाठी मी वर्षभर थांबलो होतो. ‘नव्हतो’ एवढा एक शब्द पुरला असता.

“नव्हतो,” मी म्हणालो. “पण या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही.”

“म्हणजे?”

“तीन गोष्टी एकदम बदलल्या. गोळी वाढली, हिरड्या साफ झाल्या, आणि गूळ चाखणं बंद झालं. आता साखर उतरली ती कशाने? मी आधी गूळ गिळत असतो, तर तो थांबल्यावरही ती अशीच उतरली असती.”

ती तिथेच उभी राहिली. मागून एका बाईचा धक्का लागला तरी हलली नाही. “अहो,” ती म्हणाली, “हे मला कशाला सांगितलंत? मी मानत होते की.”

“चुकीच्या कारणासाठी मानलं असतंस.”

“तुम्हाला मानायला हवंय की कारण हवंय?”

मला दोन्ही हवं होतं.  ती पुढे गेली आणि तिने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

यातून सुटायचा एक मार्ग मला दिसत होता, आणि पुढचे काही दिवस माझ्या डोक्यात तोच होता. गोळी आहे तीच ठेवायची, दातांची काळजी आहे तशीच घ्यायची, आणि फक्त गूळ चाखायला पुन्हा सुरुवात करायची, पूर्वीसारखाच, थुंकून. तीन महिन्यांनी आकडा आठच्या आसपास राहिला, तर साखर गुळाने चढत नव्हती हे नक्की. शेठ मला परत घ्यायला तयार होते. नव्या माणसाने दोन लॉट चुकवले होते. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. “हिरड्या आत्ता कुठे धरतायत,” त्या म्हणाल्या. “त्या दातांना आधार उरलाय अर्धा. तो तुम्हाला वाद जिंकण्यासाठी वापरायचाय का?”

तरीही मी रविवारी जेवताना बायकोला ती योजना सांगितली. भाकरी मोडत होतो. आता मला चावता येते, सावकाश. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा टीव्हीचा आवाज कमी केला.

“आणि दात गेले तर?” तिने विचारलं.

“काही जातील कदाचित. पण मग कळेल तरी.”

“कोणाला?”

“तुला.”

तिने माझ्या ताटात भाजी वाढली. “नको,” ती म्हणाली. “ते काही करू नका.”

“म्हणजे तुला पटलं?”

ती विचार करत होती. मला बरं वाटावं म्हणून ती पटकन हो म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं. “पटलं असं नाही म्हणत मी,” ती शेवटी म्हणाली. “दात राहू देत, एवढंच म्हणतेय.”

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं की मी काट्यावरच बसतो. त्यांनी कारण विचारलं नाही. नवा माणूस अजूनही खडा जिभेवरच ठेवतो.

पुढची तपासणी जवळ आली आहे. आकडा आणखी खाली यावा म्हणून बायको वाट बघतेय, आणि तो आला तर मलाही आनंदच होईल. पण तो सातावर आला तरी, मी गूळ थुंकत होतो की गिळत होतो, हे त्या कागदावरून कोणालाही कळणार नाही. ते मला एकट्याला माहीत आहे, आणि आता ते तसंच राहील.